नॅचरल म्हणजे कोणता रंग

विमलताईंनी समाजमंदिराचं दार उघडलं आणि त्या बाजूला सरून उभ्या राहिल्या. मी आत पाहिलं. सतरंजीवर ओळीनं तीनशे गाठोडी मांडलेली होती. पांढरीशुभ्र. प्रत्येकाच्या डोक्यावर एक गाठ आणि गाठीची दोन टोकं कानांसारखी वर आलेली.

"कसं वाटते जी, मॅडम?"

मी म्हटलं, "आधी थोडं पाणी द्या."

मी तेव्हा गोंदियाच्या एका संस्थेत मार्केटिंग पाहत होते. बचत गटातल्या बायका जे बनवतात ते विकून द्यायचं, एवढंच काम. लोणची, पापड, मोहाचे लाडू, शिवणकाम. आधी ऑर्डर आणायची, मग सॅम्पल करून घ्यायचं. सॅम्पल पास झालं की बल्क करायचं आणि वेळेवर डिस्पॅच करायचं. सॅम्पल म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचा एक नमुना. बल्क म्हणजे त्याच नमुन्याबरहुकूम सगळा माल. आमच्या धंद्यातली बहुतेक भांडणं या दोन शब्दांच्या मधल्या जागेत होतात.

ही ऑर्डर गोंदियातल्या एका राइस मिलवाल्या घरची होती. साल दोन हजार दहाच्या आसपासचं. दर दिवाळीला ते आपल्या डीलर लोकांना चिन्नोर तांदळाचा एकेक किलोचा डबा पाठवायचे. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, सुवासिक तांदूळ. डब्यावर चमकीचा गिफ्ट पेपर. घरची सून रुचिता रायपूरहून आलेली, तिला तो पेपर नको होता. त्या कागदावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. त्यामुळे तो रद्दीवाला घेत नाही, जाळला तर घाण वास सुटतो आणि टाकला तर नाली तुंबते. मिलच्या मागची नाली दर दिवाळीनंतर तुंबायची.

"दीदी, कुछ ऐसा बताइए जो फेंकना ही ना पड़े," ती म्हणाली.

मी तिला चार पर्याय लिहून दिले. जुन्या कॅलेंडरचा कागद स्वस्त पडतो, पण तिचा नवरा, म्हणजे सेठजी, "रद्दी में गिफ्ट?" म्हणाले. पळसाची पानं दिसतात छान, पण आठवड्यात वाळून कडकड वाजतात आणि टाक्यापाशी फाटतात. बांबूच्या टोपल्या इतक्या लवकर होणार नव्हत्या. राहिलं कापड. सुती चौकोन, डबा मध्ये ठेवून चारही टोकं वर घ्यायची आणि गाठ मारायची. चिकटपट्टी लागत नाही, कात्री लागत नाही. डबा काढला की घरात रुमाल राहतो. पोळ्या गुंडाळा, डबा बांधा, काहीही करा.

सॅम्पल मी विमलताईंच्या गटाकडून करून घेतलं होतं. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाच्या बाजूला. गटातल्या सगळ्या बायका बौद्ध कुटुंबांतल्या. फाल्गुनात वेचून वाळवलेली पळसाची फुलं त्यांच्याकडे होती. ती उकळून त्यात मांजरपाट रंगवला. इतका गोड पिवळा आला की रुचितानं तो रुमाल परत दिलाच नाही. सेठजी मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी कापड ओढून पाहिलं, गाठ सोडून पाहिली आणि म्हणाले, "ये दिवाली में चल गया तो एक किलो वाला सारा माल कपड़े की थैली में डालेंगे. साल भर."

हे 'साल भर' मी विमलताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी शिलाई मशीनवरचा धागा दातानं तोडला आणि त्याच पावली मुकादमाच्या घरी गेल्या.

हा मुकादम गावातली माणसं मिरची तोडायला तेलंगणात नेतो. धान कापून झाला की गावात काम उरत नाही. दसऱ्यानंतर तो नावं घेतो आणि पौषात गाडीत बसवतो. विमलताईंची सून रेखा आदल्या वर्षी गेली होती, तान्ह्या पोरीला घेऊन. दिवसभर मिरचीत घातलेला हात आंघोळ केली तरी जळत राहतो. त्याच हातानं पोरीला घ्यायचं, त्याच हातानं पाजायचं. पोरगी तिकडे दीड महिना रडत होती. परत आली तेव्हा तिचे डोळे आणि गाल सोललेले होते. विमलताईंनी मुकादमाला तोंडावर सांगितलं, "यंदा आमची सून येत नाई. तिले गावातच काम लागलं." त्यांच्यामागून आणखी चार घरांनी नावं काढली. मुकादम म्हणाला, "बरं हाय. पौषात याल माझ्याकडे, तवा पाहू."

आता चूक कुठे झाली ते सांगते, कारण मी नंतर कितीही वेळा उलटसुलट करून पाहिली तरी ती कुणा एकाच्या पदरात टाकता येत नाही.

मिलचे भरलेले डबे गावात पोचले आणि बल्कचं काम सुरू झालं, तेव्हा मी नागपूरच्या प्रदर्शनात स्टॉलवर होते. विमलताईंचा फोन आला. पळसाच्या फुलांची पोती पावसाळ्यात ओल धरून बसली होती, आतून सगळी बुरशी. रंग चिखलासारखा येत होता. मी लगेच रुचिताला फोन लावला. ती म्हणाली, "कोई बात नहीं दीदी, कलर रहने दीजिए. नॅचरल ही अच्छा लगेगा." मी विमलताईंना फोन लावला आणि सांगितलं, "रंगवू नका. तिला नॅचरल चालेल." त्या म्हणाल्या, "हो जी, समजलं."

नॅचरल हा शब्द तिघींनी ऐकला आणि तिघींना तीन रंग दिसले. रुचिताला मासिकातल्या फोटोतला फिका तपकिरी. मला कोरा मांजरपाट, म्हणजे गिरणीतून येतो तसा पिवळट, सरकीचे बारीक काळे ठिपके असलेला. विमलताईंना पांढरा. रंग नाही लावायचा म्हणजे पांढरा, दुसरं काय? आणि ठिपक्यांचं मळकट कापड दिवाळीला कुणाच्या घरी कसं द्यायचं? म्हणून बायकांनी सगळा मांजरपाट सोडा घालून उकळला. नदीवर आपटून धुतला. नीळ दिली. भाताच्या पेजेची खळ दिली. कोळशाच्या इस्त्रीनं चौकोन कडक केले. ही मेहनत कुणीही मागितली नव्हती. त्यांच्या घरी पांढरा हा मंगल रंग आहे. विहारात जायचं तर पांढरं. लग्नात नवरी पांढऱ्या साडीत. त्यांच्याकडे जे सगळ्यात चांगलं होतं ते त्यांनी दिलं होतं.

आणि मी पाणी पिऊन झालं तरी ग्लास हातात धरून बसले होते. माझ्या माहेरी पांढरं लुगडं एकाच बाईच्या अंगावर असायचं. ती सणाच्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसायची.

"काऊन जी, बोलत नाई तुमी?" रेखा म्हणाली. तिच्या कडेवर पोरगी होती.

"काम फार सुंदर झालंय," मी म्हटलं. "पण हे दिवाळीला तिकडे चालेल असं वाटत नाही मला. पांढरं आहे ना. आणि वरून गाठ."

विमलताईंना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी एकदा गाठोड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मैताचं वाटते का?"

मी होकाराची मान हलवली.

कोपऱ्यातल्या देवकाबाई, गटातल्या सगळ्यात वयस्क, म्हणाल्या, "अवं, माह्या नातीचं लगन असंच झालं न पांढऱ्यात. कोणी मेलं का तवा?"

"तुमच्यात नाही देवकाबाई. त्यांच्यात."

"मंग त्यायले सांगा न का आमच्यात असं रायते."

"दिवाळीत तीनशे घरी जाऊन कोण सांगेल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी माल गोंदियाला पोचवायचा होता. मी उभी राहिले आणि कामाला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही. रडणं नंतर करता येतं.

आधी रंग. चहाच्या पाण्यात एक रुमाल बुडवून पाहिला. नीळ आणि खळ दिलेलं कापड रंग सारखा पीत नाही, जागोजागी चट्टे पडतात. रुमाल बाहेर काढला आणि रेखानं तो आपल्या पोरीच्या डागाळलेल्या दुपट्याशेजारी धरला. फरक सांगता येत नव्हता. रंग बाद.

मग फुलं. अंगणात झेंडू होता. गाठीत एक झेंडू खोचला आणि सगळ्या जणी दोन पावलं मागे सरून पाहू लागल्या.

"आता तं फूलबी वाहून झालं," देवकाबाई म्हणाल्या. "खांदा द्याचा बाकी हाय फक्त."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

मग रिबीन. निळी रिबीन मशीनच्या खणात पडलेली होती. रेखानं ती बांधून दाखवली, खरंच शोभत होती. विमलताईंनी ती हळूच सोडली. "निळी बांधली तं पुरं गाव सांगून टाकलं न आपलं. डबा उघडाच्या आधीच."

मी रिबीन गुंडाळून परत खणात ठेवली.

राहिला एकच उपाय. तो मला पहिल्या मिनिटापासून माहीत होता, म्हणून मी तो शेवटी ठेवला होता. प्रत्येक गाठीवर हळदीकुंकवाचं एक बोट. बस. पांढऱ्या कापडावर कुंकू लागलं की त्या घरांच्या दृष्टीनं ते शुभ होतं. अर्ध्या तासाचं काम.

मी ते म्हटलं. या बायकांच्या सासवांनी, आज्यांनी देवादिकांचं सगळं सोडलं त्याला तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती. कुंकवाची डबी त्या घरांमध्ये नाही.

"ते आमच्या हातानं होणार नाई, मॅडम," विमलताई शांतपणे म्हणाल्या.

"मी लावते. तुम्ही नका लावू."

"इथं?" त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो होता.

"टेम्पोत लावते. रस्त्यात."

"माय," रेखा म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "लावू दे न मॅडमले. रंगच तं आये."

विमलताई सुनेकडे बघत राहिल्या. पोरगी रेखाच्या मंगळसूत्राशी खेळत होती. एका बाजूला ती पोरगी होती आणि दुसऱ्या बाजूला ती भिंत. माझ्या नोकरीत मी बायकांना पुष्कळ काही ठरवायला लावलंय. भाव, माप, पाळ्या. हे मला ठरवायला लावायचं नव्हतं. मी म्हटलं, "राहू द्या. दुसरं शोधू."

दुसरं देवकाबाईंनी शोधलं. त्या बाहेर गेल्या आणि बांधीतून, म्हणजे बाजूच्या धानाच्या खाचरातून, एक लोंबी तोडून आणली. पिकलेली, सोनेरी, जड. गाठीत खोचली. गाठोडं एकदम वेगळंच दिसायला लागलं. आतही तांदूळ, वरही तांदूळ. धान सगळ्यांचाच शुभ. त्याला कुणी नाही म्हणणार नव्हतं.

मग सगळ्या जणी विळे घेऊन बांध्यांत पसरल्या. संध्याकाळच्या आत तीनशे लोंब्या खोचून झाल्या. निघताना विमलताईंनी विचारलं, "आता चालते न जी?" मी म्हटलं, "चालायला हवं." मला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो मिलच्या आवारात शिरला. माणसांनी माल उतरवला आणि कडुलिंबाखालच्या ओट्यावर मांडला. सावली होती, जागा मोकळी होती, कुणीही तिथेच मांडला असता. रुचिता बाहेर आली. पांढरा रंग पाहून क्षणभर थबकली, मग लोंबी हातात घेतली. "अरे वा दीदी! ये तो बहुत प्यारा आइडिया है."

मग घरातून माँजी आल्या. सेठजींची आई, सत्तरीच्या. त्या ओट्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. पदराचं टोक तोंडात धरलं. मी वाट पाहत होते की आता त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "यहीं टाँगे थे."

मला काही कळेना. रुचिताचा चेहरा उतरला.

"दो दिन यहीं टँगे थे, इसी डाल पर," माँजी म्हणाल्या. "गाड़ी का रिजर्वेशन नहीं मिला था. ऐसे ही कपड़े में. ऐसी ही गाँठ." आणि त्या ओट्याच्या काठावर, त्या सगळ्या गाठोड्यांच्या शेजारी बसल्या.

दोन वर्षांपूर्वी मोठे सेठ वारले होते. अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला बांधतात, हे मलाही माहीत होतं. कोणतं झाड हे माहीत नव्हतं.

सेठजी ऑफिसातून आले. आईकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, आपका पेमेंट पूरा होगा, उसकी चिंता मत कीजिए. पर ये सब अभी के अभी हटवा दीजिए."

"सेठजी, फक्त रंगाचा प्रश्न आहे. मार्चमध्ये पळसाची नवी फुलं आली की थैली तर पिवळीच..."

"अब कपड़े का रहने दो," ते म्हणाले. रागावून नाही. थकून.

डबे तिथेच सोडले. रुमाल सोडून घडी करून पोत्यात भरले. लोंब्या ओट्यावर पडल्या, चिमण्या आल्या. मी निघाले तेव्हा मिलचा माणूस बाजारातून चमकी पेपरचे रोल घेऊन येत होता. लाल, सोनेरी, हिरवा. रुचिता गेटपर्यंत आली. "दीदी, मैंने सोचा था नॅचरल मतलब वो ब्राउन वाला," ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली. मी म्हटलं, "माझ्याही मनात जवळपास तेच होतं."

गावात जाऊन सांगणं हा माझ्या कामाचाच भाग होता. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मी बसनं गेले. विमलताई अंगणात धान वाळवत होत्या. मी पोतं खाली ठेवलं तेव्हाच त्यांना कळलं. मग मी सगळं सांगितलं, झाडासकट.

मला वाटलं होतं त्या चिडतील. मला ते हवंही होतं. त्यांनी विचारलं, "बुढीचा नवरा होता का तो?"

"हो."

त्यांनी धानावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मंग तिचं बरोबर आये. आमचं हलकं समजून परत केलं असतं तं भांडलो असतो मी. रस्त्यावर उतरलो असतो. आता कोणाशी भांडू जी?"

रेखा दारात उभी होती. सगळं ऐकून आत गेली.

पुढे मी हातपाय मारले. दोन मिल, एक मिठाईवाला, नागपूरचं एक दुकान. सॅम्पल पाहून सगळे "अच्छा है" म्हणाले. चमकी पेपर स्वस्त पडतो आणि लगेच मिळतो, हेही सगळे म्हणाले. गट कागदावर राहिला. शिलाई मशीनवर विमलताईंनी प्लॅस्टिकचा कागद टाकून ठेवला, धूळ बसू नये म्हणून.

पौषात मी दुसऱ्या गटाच्या कामासाठी अर्जुनीला गेले होते. परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर उभी होते. समोरच्या बाजूला बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीसाठी माणसं बसली होती, मुकादम मोजत फिरत होता. त्यांच्यात रेखा दिसली. मांडीवर पोरगी, शेजारी सामान. मी रूळ ओलांडून गेले.

"निघालीस?"

"हो जी. निघून रायलो." ती हसली. "पाच जणी आहो. सगळ्या आपल्याच."

"विमलताई?"

"धाडाले नाई आली. मशीनपाशी बसली आहे."

मी पोरीच्या गालाला हात लावला. मऊ होता. अजून मऊ होता.

रेखानं माझी नजर सामानाकडे गेलेली पाहिली. पाचही जणींचं सामान पांढऱ्या कापडात बांधलेलं होतं. चार चार रुमाल जोडून मोठे चौकोन शिवले होते, शिवण सरळ, दुहेरी. वर तीच गाठ, दोन टोकं कानांसारखी वर.

"कापड मजबूत आहे, मॅडम," ती म्हणाली. "फेकाचं कायले?"

गाडी आली. मुकादमानं आवाज दिला. रेखानं पोरगी कडेवर घेतली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चढली. बाकीच्याही चढल्या. डब्याच्या दारातून पाच पांढरी गाठोडी एकामागून एक आत गेली.

रुचितानं पहिल्या दिवशी मागितलं होतं ते तेवढं झालं. फेकावं लागलं नाही.

तेव्हापासून माझ्या ऑर्डर फॉर्मवर रंगाच्या रकान्यात शब्द लिहीत नाही. कापडाचा तुकडा टाचते. आणि माल नक्की कुठे उतरवणार, तेही विचारून घेते.